सगळ्यांचेच हात पिवळे होते

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात सतराचा पाढा घेत होते. फोनवर आमचे हे एवढंच म्हणाले, "वहिनी गेली. तू ये." मी बरं म्हटलं, फोन पर्समध्ये ठेवला आणि पोरांना म्हणाले, "हं, पुढं." पोरांनी पाढा शेवटपर्यंत म्हटला, एकाची चूक मी दुरुस्तसुद्धा केली, आणि मग खुर्चीवर बसले ती मला उठताच येईना... शेजारच्या वर्गातल्या बाईंनी त्यांच्या गाडीवर बसवून मला घरी आणून सोडलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गयाबाई. ती गेली त्याला आता दीड महिना होतोय. भेटायला आलेली माणसं म्हणतात, "सुटली बिचारी." मला त्या 'सुटली'चा राग येतो. तिला सुटायचं नव्हतं, राहायचं होतं, आणि त्यासाठी ती आम्हा सगळ्यांपेक्षा सावध होती. तिच्या त्या सावधपणाची चेष्टा घरात सुरू झाली आणि ती सुरू करणारी मी. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

कळमनुरीपासून आत आमचं गाव. दोघं भाऊ, चुली दोन, अंगण एक. मी डी.एड. करून या घरात आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. माझी पहिली भाकरी हातात धरून अक्का म्हणाली होती, "मास्तरीण, ही भाकर हाय का कळमनुरी तालुक्याचा नकाशा?" तेव्हापासून घरात माझं नाव मास्तरीणच पडलं. वर्षभर मी तिला अहो-जाहो करत होते. मग एक दिवस तिनंच ते बंद पाडलं. "तुमी-आमी पावण्याला. मला तू म्हण, न्हाईतर बोलू नको." शाळेची पायरी तिनं दोन वर्षंच चढली, पण हळदीतलं तिच्याएवढं गावात कुणाला कळत नव्हतं. मोठ्या कढईत हळद शिजत असली की ती एक हळकुंड बाहेर काढायची, काडी टोचून बघायची, आणि "काढा" म्हणाली की मगच कढई उपसायची. घाई केली तर हळद आतून कच्ची राहते, उशीर केला तर रंग जातो. शेजारची माणसंही तिला बोलवायला यायची आणि ती हातातली भाकरी तव्यावर टाकून जायची. तव्यावरची भाकरी मग मी जाळायची, हे ठरलेलं.

तीन वर्षांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. घरात सगळ्यांत आधी तिनं मला सांगितलं, तेही कपडे वाळत घालता घालता, उद्या बाजारातून मीठ आणायचंय अशा आवाजात. मग नांदेड, ऑपरेशन, केमो, त्यानंतर रोजची 'लाईट', म्हणजे रेडिएशन. छातीची डावी बाजू गेली. केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाली, "चला, उवांची कटकट मिटली." रडली ती एकदाच, केमोच्या उलट्यांनी भाकरीचा वास नकोसा झाला तेव्हा. पण ती त्यातून उठली. पुढच्या हंगामाला कढईजवळ उभी राहून पुन्हा काडी टोचायला लागली. शेवटच्या तपासणीला डॉक्टर तिला म्हणाले होते, "बाई, आता गोळी रोज घ्यायची. आणि अंगात नवीन काही वाटलं, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच यायचं." अक्कानं हे शब्द पोथीसारखे पाठ केले.

आणि खरंच, ती लगेच जायला लागली. खोकला आला की नांदेड. तो तुरीच्या भुशाचा निघाला. डोकं दुखायला लागलं, पुन्हा नांदेड. चष्म्याचा नंबर वाढला होता. कानामागं गाठ आली तेव्हा तर तिनं दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही स्वतःला... ती किडलेल्या दाढेची सूज होती. तिन्ही वेळा रजा टाकून मी सोबत गेले. जाताना ती खिडकीशी बसायची आणि हिंगोली जिल्हा संपेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. येताना मात्र कळमनुरीच्या स्टँडवर उतरून भजी खायची, चहा प्यायची, आणि म्हणायची, "आज मी नवी झाले." एकदा मी तिला विचारलं, इतकं कसलं भ्यायचं? तर म्हणाली, "पोटात उंदीर बसलेला असतोय गं. जरा खुट्ट झालं की पळतोय. तुला न्हाई कळायचं." मला कळलं नाही हे खरंच आहे. मी तिच्या भीतीकडं शाळेतल्या पोराच्या भीतीकडं बघावं तसं बघत होते. थोडं हसवलं की जाते, असं मला वाटायचं.

पोळ्याच्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो. अक्काला वाढता वाढता शिंक आली आणि माझी जीभ वळवळली. "आवरा लवकर," मी म्हणाले, "अक्काला शिंक आली, नांदेडची गाडी धरावी लागती." सगळे हसले. अक्का तर पदर तोंडाला लावून हसली. मोठे भावजी, म्हणजे तिचे मालक, एरवी जेवताना 'मीठ' आणि 'पाणी' याशिवाय शब्द न काढणारा माणूस, तेही म्हणाले, "काढू का तिकीट?" झालं, त्या दिवसापासून ते घरातलं बोलणंच झालं. अक्कानं जांभई दिली, की तिकीट. उचकी लागली, की तिकीट. तीही आमच्यात सामील व्हायची, "काढा बाबा, खिडकीचं काढा," म्हणायची. आम्ही तिच्यावर प्रेम करत होतो, त्यात मला अजूनही शंका नाही. प्रेमानंच आम्ही तिची वाट बंद केली.

यंदाचा हंगाम माघात सुरू झाला. ज्यांच्या घरी हळद नसते त्यांना सांगायला हवं, की त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्याकडं कुणाचंच अंग धड नसतं. वेचून वेचून कंबर मोडते. वाळलेली हळद ड्रममध्ये पॉलिशला टाकली की पिवळी धूळ उडते आणि सगळ्यांना खाज सुटते. उन्हात राबून लघवी गडद होते, तिला आमच्याकडं उन्हाळी लागली म्हणतात आणि धन्याचं पाणी पितात. हात तर पिवळे असतातच. नखं, कपाळ, उशीचे अभ्रे, भाकरीसुद्धा पिवळी. अक्काला खाज सुटली ती या दिवसांत. तिची भूक मेली ती या दिवसांत. ती कूस बदलता बदलता कण्हायची आणि पलीकडच्या बाजेवर मीही कण्हत असायची... कुणाचं कण्हणं कशाचं, हे कोण वेगळं करणार? वर लोक कौतुकानं सांगायचे, हळद अंगात गेली की कॅन्सर फिरकत नाही. आमचं तर घरच हळदीच्या पोत्यांनी भरलेलं होतं.

एका रविवारी दुपारी आम्ही पाच-सहा बायका ताडपत्रीवर हळद निवडत बसलो होतो. अक्का मध्येच थांबली आणि तिनं आपले दोन्ही हात पुढं धरले. "मास्तरीण, बघ बरं. माझे हात जास्तच पिवळे दिसून राहिले का?" मी मान वर न करता माझे हात तिच्या हातांशेजारी नेऊन ठेवले. "हे बघ, माझे तर तुझ्यापेक्षा पिवळे. दोघींचं काढू का तिकीट?" बायका खो-खो हसल्या. अक्काही हसली. मग तिनं हात पदराखाली घेतले आणि थोड्या वेळानं पुन्हा निवडायला लागली. तिनं पुन्हा विचारलं नाही. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा आहे.

हळद अडतीला गेली, ड्रम बंद झाला, अंगण झाडून निघालं. आठ-दहा दिवसांत सगळ्यांचे हात हळूहळू आपल्या रंगावर येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट, मी तिच्याकडं जेवायला बसले होते. तिनं मला आमरस वाढला. वाटी धरायला मी हात पुढं केला, आणि वाटीच्या एका बाजूला माझी बोटं होती, दुसऱ्या बाजूला तिची. माझी गव्हाळ. तिची पिवळीधमक. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता.

"अक्का, हे कधीपासून?"

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली आणि वाटी खाली ठेवली. "राखेनं घासले, साबणानं घासले, दगडानं बी घासून पाह्यले. निघत न्हाई."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तीनदा नेलंस तू मला. तीनदा काय बी न्हाई निघालं. चौथ्यांदा लाज वाटली." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? तुमी हसत होता तवर मला बी वाटायचं, हळदच असंल. हसण्यावारी जातंय तवर जाऊ दे म्हणलं."

तेवढंच ती बोलली आणि आमरस पुन्हा पुढं सरकवला. मी तो खाल्ला, कारण ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरांनी तिला खिडकीच्या उजेडात बसवलं, खालची पापणी ओढून बघितली आणि पहिल्यांदा हेच विचारलं, "इतके दिवस कुणाला दिसलं नाही?" भावजी खाली मान घालून उभे होते. यकृतात पसरलं होतं. मी बाहेर गाठून डॉक्टरांना विचारलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? ते सरळ माणूस होते. म्हणाले, "बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. औषधं चालली असती. आता शरीर औषध पेलत नाही. काही महिने जास्त मिळाले असते." लोक मला समजावतात, बघ, वाचली नसतीच. पण काही महिने म्हणजे काय ते मला नीट माहीत आहे. आश्विनात तिचा मुलगा पुण्याहून कायमचा परत येणार होता. ती गेली तेव्हा तिच्या खाटेवरून दिसणाऱ्या वावरात या वर्षीची हळद दोन पानांवर होती आणि तिला ती कमरेएवढी झालेली बघायची होती. तेवढे महिने मी एका चेष्टेत घालवले. तिनं मला एकदाही दोष दिला नाही, आणि दिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

शेवटी तिला बोलवेना. ज्येष्ठात लागवडीचं बेणं निवडायचं काम तिनं बाजेवर बसून केलं. कोंबाचा डोळा नसलेलं बेणं हाताला लागलं की बाजूला टाकायची. आषाढात ती गेली.

आता एकच सांगायचं राहिलं. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोही तिच्या तोंडाकडं बघत नाही. मी शिकलेली, नोकरी करणारी, तरी हे पाळत आले. बावीस वर्षं एका अंगणात राहून भावजी माझ्याशी बोलले ते उंबऱ्याकडं नाहीतर बैलांकडं बघून. तेरावं झालं, पावणे गेले, आणि सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते ओसरीच्या कडेला उभे होते. सकाळचं ऊन तिथंच पडतं, म्हणून अक्काची बाज तिथं असायची. "मास्तरीण," ते म्हणाले, "जरा उजेडात ये." मी गेले. "पदर मागं घे. डोळे दाव." मग मी पदर मागं घेतला, मान वर केली आणि माझ्याच बोटानं पापणी खाली ओढून धरली, कारण ते हात लावणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी घाई न करता बघितलं, एक डोळा, मग दुसरा. "बराबर हायेत," म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी मी तिथं थांबते. हसणं तर सोडाच, घरात त्यावर कुणी बोलतही नाही.

परवा बघून झाल्यावर ते बाजूला झाले नाहीत. बाजेची रिकामी जागा उन्हात होती. तिकडं बघत म्हणाले, "हिच्याकडं असं उजेडात मी कधी बघितलंच न्हाई गं."