स्टॉपवर चौघंच

आमच्या गावात बस हात दाखवला की थांबायची. स्टॉप आहे, त्याला पत्र्याची शेडही आहे, पण तिथं उभं राहून बसची वाट बघणारा माणूस पाहुणाच समजावा. बाकी जो तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी, नाहीतर विहाराच्या कट्ट्याशी. ड्रायव्हर सगळ्यांना ओळखायचा. शेजारची काकी तर दारातूनच ओरडायची, "थांब रं, चपला घालते!" आणि तो थांबायचा.

दिघाशीच्या बाजूचं आमचं गाव. भिवंडीला जाणारी सकाळची ही एकच बस, तीही फाट्यावरून तीन किलोमीटर आत वळून यायची. ते वळण बंद करायचं घाटत होतं. माझी मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीला लागली होती, कॉलेज भिवंडीत, सकाळचं. मी गोदामात कारकून, ड्युटी सहाची, म्हणजे तिला सोडायला मी नाही. बस गेली की तिचं कॉलेज गेलं, एवढं सरळ होतं. म्हणून विहाराच्या कट्ट्यावर बसून मी अर्ज लिहिला. घरोघर फिरून माणसं मोजली, गावाची लोकसंख्या ठळक अक्षरांत लिहिली, खाली सह्या आणि अंगठे घेतले. एवढी माणसं बघितल्यावर बस कोण बंद करील, असं मला वाटलं.

अर्ज वाचून डेपोतून एक साहेब प्रवासी मोजायला आले. तीन दिवस सकाळी शेडमध्ये बसणार होते. मी रजा काढली. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, चहा-पोहे सांगितले आणि आदल्या संध्याकाळी गावभर बजावत फिरलो, "साहेब कामात असतील, स्टॉपवर गर्दी करू नका." हे मी सांगितलं, गावातल्या शिकलेल्या माणसानं.

एरवी माझं कोणी ऐकत नाही, तेव्हा मात्र सगळ्यांनी ऐकलं. तिन्ही दिवस बस गिरणीपाशी भरली, विहारापाशी भरली आणि शेडसमोर आली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कागदात डोकावलो. शेवटच्या दिवसापुढे लिहिलं होतं, चार. त्यातला एक खरंच कुणाचा तरी पाहुणा होता.

"साहेब, आतली निम्मी माणसं आमचीच आहेत," मी म्हणालो.

"असतील. मला स्टॉपवर चढलेली लिहायची आहेत."

"मग उतरवून परत चढवू का?"

ते हसले. चांगला माणूस होता. अर्जदार म्हणून सही करा म्हणाले, आणि मी मुकाट्यानं केली. भांडायला हवं होतं. पण तीन दिवस ज्याला पोहे खाऊ घातले त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला सुचलंच नाही.

महिन्याभरात बस फाट्यावरूनच जाऊ लागली. मुलगी चालत फाटा गाठायची, गोदामांच्या कंटेनरना चुकवत, धूळ खात. बस चुकली की शेअर रिक्षा, ती भरल्याशिवाय हलत नाही आणि पहिलं लेक्चर कोणासाठी थांबत नाही. हजेरी कमी पडली, चिठ्ठी घरी आली. शेवटी एका रविवारी तिची बॅग कॉलेजजवळ टेमघरला मामाकडे नेऊन ठेवली. काकीनं विचारलं, "माणसं तं हायत गावात, मंग गाडी कशी न्हाय?" मी म्हटलं, "जाऊ दे काकी." आता कोणाला समजावत बसायचं त्राण राहिलेलं नाही.

परवा शाळेतल्या बाई घरोघरची माणसं नोंदवत आल्या. घरात राहणारी किती, म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "तीन."

"तिसरं कोण?" बाईंनी विचारलं.

बायको म्हणाली, "पोरगी. येते एखाद्या रविवारी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोन लिहा."

त्यांनी दोन लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन शोधत राहिलो. बायकोनंच ते फळीवरून काढून माझ्या हातात दिलं.

"करा," ती म्हणाली, "सवय हाय तुम्हाला."