वर्गणीतली डॉक्टरीण

मी डॉक्टर होण्याच्या कितीतरी आधीच माझा दवाखाना सुरू झाला.

धुळ्याला मेडिकलला माझा नंबर लागला, तेव्हा बाबांनी पिठाची चक्की बंद करून डोक्याला हात लावला. फी, होस्टेल, पुस्तकं! मग नानांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, मारुतीच्या देवळातला भोंगा हातात घेतला. "जो वर्गणी देई, त्याना घरनं औषधपानी जन्मभर फुकट! पोरगी आठेच दवाखाना टाकी!" (गावातच दवाखाना टाकायचा, हे मला विचारलं नव्हतं. पण भोंग्यापुढे कोण बोलणार?)

फुकट कधीपासून, ते मात्र नाना सांगायला विसरले.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत एरंडोलला बसमधून उतरून पुढे आमच्या खेड्यात घरी पोचते, तर ओट्यावर ही रांग! नाना खुर्ची टाकून नंबर देत होते.

"नाना, मला अजून काही येत नाही हो!"

"हळू बोल! लोकांनी वर्गणी परत मागितली तर कॉलेज सुटलंच तुझं!"

झालं. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून बसले. पहिल्या आल्या येसूअक्का. "मन्ही कंबर दुखस व माय."

"अक्का, आमले आजून नुसता हातच शिकाडेल शे."

"मंग हात देख!"

बघितला. अक्का समाधानाने गेल्या!

तेवढ्यात भिकाआबा आले. सोबत पोट फुगलेली म्हैस.

"आबा, हाई म्हैस शे!"

"मी काय आंधया शे? वर्गणी हिनंच दूध ईकीसन दिन्ही. मंग हिना हक नही का?"

"मुद्दा बरोबर आहे," नाना म्हणाले. रांगेनेही माना डोलावल्या.

मी म्हशीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. तो गार लागला की माझा चेहरा आवडला नाही, कोण जाणे, म्हैस उधळली! मी घाबरून तिचा दोर धरला (सोडायचा असतो, हे नंतर कळलं) आणि गल्लीभर फरफटत गेले. मागे आबा, आबांमागे नाना, नानांमागे सगळे पेशंट, कंबर दुखणाऱ्या येसूअक्का सर्वांत पुढे! शेवटी उकिरड्यापाशी म्हैस थांबली, तिने एक प्रचंड आवाज काढला आणि तिचं पोट सपाट झालं.

मी शेणात पडले होते. मनगट सुजलं होतं. आता वर्गणी गेली, कॉलेज गेलं, म्हणून मला रडूच फुटलं.

आबा मात्र वाकून माझ्या पाया पडले. "बिनऔषधनी बरी करी दिन्ही व!"

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर दोन बैल, चार शेळ्या आणि वर्गणीचा नवा हप्ता हजर होता!

पास झाल्यावर मी खरंच गावात दवाखाना टाकला. गावाचा माझ्यावर फार विश्वास. सर्दी झाली, खरचटलं, की सगळे माझ्याकडेच. जरा गंभीर असलं, की एरंडोलला. परवा नानांनाच ताप भरला. मी बॅग घेऊन धावत गेले, तर ते मफलर गुंडाळून रिक्षात बसलेले!

"नाना, मी आहे ना!"

"तुले कसाले तरास? तू ते घरनीच शे," नाना म्हणाले आणि रिक्षावाल्याला ओरडले, "रिक्षा पयाड लवकर, पोरगी बॅग उघडाले लागनी!"