बोनेटवरच्या अक्षता

आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे गृहस्थ करावे गावचे. त्यांनी माझ्या मुलाच्या नव्या गाडीवर ओरखडे पाडले, असं इथे आजही सांगतात. ते ओरखडे मी पाडले.

गाडी काळी. दसऱ्याला बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपणच पुसावं. जुन्या धोतराचं कोरडं फडकं घेतलं आणि समई घासावी तसं गोल गोल फिरवलं. कुंकू गेलं. ऊन पडलं तेव्हा दिसलं, बोनेटभर बारीक रेघांचं जाळं. फडक्याखाली तांदूळ फिरत होते.

"बाबा, हे कोणी केलं?" मुलाने विचारलं. सत्तरी ओलांडलेला मी पोराला घाबरलो. म्हणालो, "धुणाऱ्यानं." मुलाने सेक्रेटरींना सांगितलं आणि धुणाऱ्या गृहस्थांना गेटवरच अडवलं गेलं.

आठ दिवस गॅलरीतून खालच्या धुळकट गाड्या बघितल्या. नवव्या दिवशी करावे गावात त्यांचं घर गाठलं. ते ओट्यावर मासे धरायचं जाळं दुरुस्त करत होते. सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या बसणार.

"म्हंजे काका, देवाच्याच तांदलानं गाडी घासली?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "मला वाटला माझाच काय तरी चुकला. आठ दिस फडकी तपासतोय मी."

शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन मुलाला खरं सांगितलं. सेक्रेटरींना मात्र 'गैरसमज झाला' एवढंच म्हणालो. धुणारे गृहस्थ कामावर परत आले, पण त्यांचं नाव काही धुतलं गेलं नाही.

तरी त्यांनी मला गाडी धुवायला शिकवलं. "पानी आधी, हात मागून." छपरापासून पाणी सोडायचं, धूळ आपोआप वाहू द्यायची. चाकांचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही. सुकवताना घासायचं नाही. मऊ टॉवेल पसरायचा आणि नुसता ओढायचा. "काका, पोळी लाटताय काय? दाबू नका!" असं ओरडायचेही. निवृत्तीनंतर मला कुणी इतक्या आपुलकीने रागावलं नव्हतं. माझ्या सकाळी त्यांच्यामुळे भरल्या, हे उपकार फेडण्यासारखे नाहीत.

गेल्या रविवारी नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, "काका, ओरखडे पाडणारे ते हेच का?"

ते बादली उचलून निघाले. मी हात धरून थांबवलं.

"नाही. ओरखडे मी पाडले आणि नाव यांचं घेतलं. यांच्याइतका हलका हात इथे कुणाचा नाही."

पार्किंगमधल्या चार-पाच जणांनी ऐकलं. बाकीच्यांसाठी हे लिहिलं आहे.

बाई ओशाळल्या. धुणाऱ्या गृहस्थांनी बादली खाली ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाले, "ताई, तुमची गाडी कंची हाय?"