चुलीपुढची जागा

महामाया कांबळेला लातूरच्या खानावळीतून काढलं, त्यात भाकरीचा काहीच दोष नव्हता. भाकरी तिची टम्म फुगायची, आणि क्लासची पोरं कालवण संपलं तरी नुसती भाकरी मागायची. दोष निघाला तो आडनावाचा. औशाकडचे एक गृहस्थ पोराला भेटायला आले, चवीनं जेवले आणि हात धुताना म्हणाले, "बाई कुठल्या?" "हदगावकडची." पण एवढ्यानं कुणाचं समाधान होतंय? आपल्याकडं गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. आडनाव ऐकलं आणि गृहस्थांचं तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी मालक गुरुबसप्पा तिच्याकडं न बघताच म्हणाले, "मावशी, उद्यापास्नं येऊ नका. गिऱ्हाईक कमी झालंय."

गिऱ्हाईक बाकांवर दाटीवाटीनं बसलं होतं. महामायेनं पिठाचे हात धुतले. "गिऱ्हाईक लई हाय, मालक. तुमची हिंमत कमी हाय," असं म्हणून ती जेवणाऱ्यांच्या मधून ताठ मानेनं बाहेर पडली.

बाहेर आल्यावर मात्र घर आठवलं. नवरा नागसेन मोंढ्यात हमाली करायचा, पण पाठ धरल्यापासून घरीच होता. घर तिच्या हातावर चाललेलं. काम शोधत ती गावभर फिरली. दोन हॉटेलवाल्यांनी नाव-गाव विचारून "मागं भांड्याला बसा" म्हटलं. खरकट्याला आडनाव चालतं आणि पिठाला चालत नाही, हा कुठला न्याय? ती दोन्हीकडून उठून आली.

"बस की काही दिवस भांड्याला," नागसेन म्हणाला.

"भांड्याची लाज न्हाई मला. पण चुलीपास्नं उठवून मागं ढकलत्यात, ते न्हाई सोसायची मी."

शेवटी औसा रोडवर एक नवा ढाबा निघाल्याचं कळलं. तरण्या मालकाचं नाव दयानंद. त्यानं चूल मुद्दाम रस्त्याच्या तोंडाशी मांडली होती. भाकरी थापणारी बाई दिसली की लोक गाडी वळवतात, हा त्याचा हिशेब. महामायेची पहिली भाकरी तव्यावरून उतरली, ती तो उभ्यानंच खायला लागला.

"मावशी, जागा तुमची. फकस्त एक करा. कुणी इचारलं तर आडनाव पाटील सांगा. मला काय न्हाई हो, पर लोकांचं..."

तिचे हात परातीत थांबले. पाटील म्हणायला काय लागतंय? घरात चूल पेटेल. पण मग समोरच्यानं नुसतं मान वर करून बघितलं तरी वाटणार, कळलं की काय, रोज. चोरी केल्यासारखी भाकरी करायची? तिला संताप आला, दयानंदचा आणि क्षणभर मोहात पडलेल्या स्वतःचाही.

"सांगणार न्हाई."

"मग कसं जमंल?"

पलीकडं शिडीवर पेंटर 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी रंगवत होता. महामायेनं तिकडं बोट केलं. "तिथंच लिवा. महामाया कांबळे यांच्या हातची. ज्याला चालत न्हाई त्यानं रस्त्यावरनंच पुढं जावं. पोटभर जेवून मग आडनाव इचारायचं सोंग नको."

"आन् गिऱ्हाईक तुटलं तर?"

"तर उठून जाते. पण तोवर माझ्याच नावानं बसते."

तेवढ्यात एक जीप वळली. उतरलेली माणसं चुलीकडं बघतच बाजेवर टेकली आणि भाकरी मागू लागली. दयानंदनं त्यांच्याकडं बघितलं, हातातला उरलेला तुकडा तोंडात टाकला.

"सुदर्शन, मावशी म्हणतेत तसं लिही," तो पेंटरला म्हणाला. आवाज काही फार ठाम नव्हता.

पेंटरनं ब्रश बुडवला. महामायेनं नवा गोळा घेतला, थापायला लागली आणि मान वर न करता म्हणाली, "कांबळे जरा मोठं काढ, बाबा. गाड्या लई जोरात असत्यात लोकांच्या."