दादाचा उजवा कान

राग दादाच्या नाकावर नसायचा, हातात असायचा. गॅरेजच्या लोखंडी टेबलाला तीन पोचे आहेत, तिन्ही त्याच्या हातोडीचे. शटरला मधोमध एक मोठा पोचा आहे, तो एका रंगाऱ्याच्या पाठीचा. मी त्याची सख्खी बहीण. फोन आणि सुट्या भागांचं कपाट मीच सांभाळते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

पण काम म्हणाल तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचा, मूठ उजव्या कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगून मोकळा व्हायचा. नेहमी उजवाच कान. का, ते फक्त मला ठाऊक होतं.

गॅरेज आमच्या वडिलांचं. ते आम्हाला इंजिनावरून उतरवलेल्या जुन्या पट्ट्याने मारायचे. रबरी पट्टा, आत दोऱ्यांचं विणकाम. त्याचा वळ आठवडाभर जात नाही. दादा चौदाचा, मी दहाची आणि धाकटा पाचचा असताना धाकट्याने खेळता खेळता उघड्या इंजिनात नट टाकला. वडिलांनी हात उगारला, त्या हातात पट्टा नव्हता, पाना होता. दादा मध्ये घुसला. पाना त्याच्या डाव्या कानावर बसला. त्या कानाने त्याला पुन्हा काही ऐकू आलं नाही.

"धाकट्याला सांगायचं नाही," त्याने मला बजावलं. "जन्मभर मनाला लावून घेईल."

तीस वर्षं मी चकार शब्द काढला नाही. धाकट्याला वाटायचं, दादा मुद्दाम दुर्लक्ष करतो. गॅरेजमध्ये दादाच्या हाताखाली काम करताना तो डाव्या बाजूला उभा राहून बोलायचा, उत्तर यायचं नाही, मग दातओठ खात निघून जायचा. मी बघत राहायचे. त्याबद्दलच मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो.

एकदा एका टॅक्सीवाल्याच्या गाडीची बॅटरी चार्ज होत नव्हती, म्हणून दादाने स्वतः नवा अल्टरनेटर बसवला. दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाला परत आला. गाडी चालू केली की बोनेटखाली काहीतरी किंचाळत होतं. दादाने स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बदलला. किंचाळी तशीच. मग पट्टाच नवा टाकला. दोन दिवस गाडी गप्प राहिली आणि पुन्हा किंचाळायला लागली.

बेअरिंगचा आवाज लोखंडातून येतो, त्याला एक कान पुरतो. पट्ट्याची किंचाळी हवेतून येते आणि ती नेमकी कुठून येते हे कळायला दोन कान लागतात. दादाला हे तोपर्यंत उमगलं असावं. चार दिवस तो जेवताना ताट आपटत होता.

तिसऱ्या खेपेला टॅक्सीवाला भर दुपारी आला. इंजिन चालूच ठेवून खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, आत पोपट पाळलाय का हो? निदान बोलायला तरी शिकवा."

दादाने त्याची कॉलर धरली आणि कपाळ टपाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. बिचारा रुमाल दाबून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. गाडी आत अडकलेली, जाणार कुठे.

मग धाकटा पुढे झाला. बाटलीतलं थोडं पाणी त्याने चालत्या पट्ट्याच्या खाचांवर सोडलं. किंचाळी एकदम थांबली. पट्टा वाळला तशी पुन्हा सुरू झाली.

"पट्टा ढिला असता तर पाण्याने आवाज वाढला असता, दादा. हा थांबला. म्हणजे एक पुली रेषेत नाहीये. जुन्या अल्टरनेटरमागचा वॉशर तू नव्यालाही लावलास का? याला तो लागत नाही."

सगळं अचूक होतं, आणि सगळं डाव्या बाजूने बोललं गेलं. दादा हलला नाही. 'उजवीकडून सांग' हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

धाकट्याने त्याला खांद्याला धरून गरकन वळवलं. "बहिरा आहेस का रे? वॉशर म्हणतोय मी, वॉशर!"

हे मात्र दादाला ऐकू गेलं. त्याने खिळ्यावरचा जुना पट्टा ओढला. पहिला फटका धाकट्याच्या गालावर, दुसरा मनगटावर, तिसरा तो खाली पडल्यावर पाठीवर. "मला काम शिकवतोस? मला?" प्रत्येक शब्दाला एक लाथ. बरगडी मोडल्याचा आवाज मला त्या किंचाळीतही आला. मी मध्ये पडले तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात हलला. वडील मरून अकरा वर्षं झाली होती, पण त्या दुपारी ते गॅरेजमध्येच होते.

शेवटी दादा दमला. पट्टा फेकून बोनेटवर वाकला आणि फिरत्या पट्ट्याच्या कडेने एक डोळा मिटून बघू लागला. अल्टरनेटरची पुली वॉशरच्या जाडीएवढी बाहेर होती. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तो धाकट्याला काहीतरी सांगायला वळणार होता.

तेवढ्यात धाकटा उठला. त्याच्या हाताला जमिनीवरचा मोठा पाना लागला होता, आणि तो दादाच्या उजव्या बाजूला होता.

"तिकडून नको, त्याचा कान!" मी ओरडले. पट्ट्याच्या आवाजात माझं ओरडणं कोणापर्यंत पोचलं नाही.

पाना कानावर बसला. दादा चाकाला टेकून खाली घसरला. कानावर दाबलेल्या बोटांमधून रक्त मनगटावर उतरत होतं. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि नको इतक्या मोठ्याने म्हणाला, "वॉशरच आहे. तुझं बरोबर होतं." मग मनगट पँटला पुसत, "गाडी बंद केलीस ते बरं केलंस. डोकं उठलं होतं."

इंजिन चालूच होतं. पट्टा किंचाळत होता.

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मी आत हात घालून किल्ली फिरवली आणि डाव्या कानाची सगळी गोष्ट त्याला तिथेच, दादाच्या समोर उभी राहून, मोठ्याने सांगितली. दादाने मला अडवलं नाही.