ओल्या तुसावर चुना
काल भिंतीसाठी आणलेला चुना भिजवला आणि त्या वासानं तिसगावचं आमचं कोंबड्यांचं शेड आठवलं. थंडीचे दिवस होते. बल्बच्या उबेला नवी पिलं होती, चहूबाजूंनी गोणपाटाचे पडदे बांधलेले, आणि खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होऊन इतकं उग्र झालेलं, की डोळे चुरचुरत. पडदे वरून थोडे उघडा, असं मी वडिलांना चार दिवस सांगत होते. "पिलं गारठतील," एवढंच उत्तर. शेवटी वैतागून, चुन्यानं वास मरतो असं एका पुस्तकात वाचलं होतं म्हणून, मी त्या तुसावर चुना पसरला. वास दुपटीनं उसळला. पिलं चोची उघडून धापा टाकू लागली. वडील धावत आले. "मास्तरीनबाई, पुस्तकातलं तूस कोरडं हुतं का वल्लं, त्ये बगितलं का?" म्हणत त्यांनीच पडदे ओढून काढले. आम्ही दोघांनी ओलं तूस घमेल्यांनी बाहेर नेलं. पिलं सावरली. "पडदे उघडल्यावर वास गेला ना?" मी विचारलं. "तूस काढलं म्हनून गेला," ते म्हणाले आणि पडदे पुन्हा बांधू लागले. वडील जाऊन दोन महिने झाले. अजूनही त्या पडद्यांवरून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते, आणि आता ते उलटून बोलतही नाहीत.