दातापर्यंतचा बंद

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. कितीतरी बांधांची भांडणं मी फितीने मिटवली, निदान कागदावर तरी. त्यामुळे बायकोच्या अंगाचं माप घेणं अवघड जाईल, असं मला वाटलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. चालणं-बोलणं परत आलं, उजवा हात मात्र आला नाही. साडी नेसवायला सून लागते, याचा तिला राग आहे आणि तो ती माझ्यावर काढते. पोळ्याच्या सुमारास मी म्हणालो, दिवाळीनंतर तुझ्या माहेरी आंबागडला मंडईला जाऊ. मंडई म्हणजे गावची जत्रा, त्या दिवशी लेकी-जावई यायचेच. लग्नापासून तिची मंडई चुकली नव्हती.

"मले नाई जायचं," ती म्हणाली. "ऊन कललं का तिकडं थंडी सुटते. तुमी डोक्यावरून स्वेटर घालून देसान, हात बाहीत कोंबसान, आन् आंगणभर लोक पाहत बसतीन."

शाल घे म्हटलं, तर उतरलेल्या खांद्यावर ती टिकत नाही.

मोबाईलवर शोधताना एक कार्डिगन सापडलं. समोरून पूर्ण उघडं, एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि कमरेशी बंद बांधायचा. विकत मिळेना, म्हणून मीच विणायचं ठरवलं आणि तुमसरहून लोकर आणि लांब तारेची गोल सुई आणली. सुलटा आणि उलटा टाका तिनेच शिकवला, खाटेवर बसून, तोंडी. तिने आयुष्यभर सगळ्यांचे स्वेटर विणले होते, ते घेरापासून वर.

"गळ्यापासून कोणी सुरू करते का?"

वरून विणलं की मधूनमधून सुईसकट अंगावर चढवून पाहता येतं, हे मी तिला नीट समजावलं.

"म्हणजे आता रोजच कपडे घालून देसान," ती म्हणाली.

गळ्याचे टाके घातले, चार जागी वाढवत निघालो. एक जण बांधाचं भांडण घेऊन करडीला आमच्या घरी आला होता. मला ओसरीवर लोकर घेऊन बसलेला पाहून भांडण न सांगताच परत गेला. त्यांचं पुढे आपसात मिटलं म्हणे.

काखेपर्यंत आलो तेव्हा पहिल्यांदा तिच्या अंगावर चढवलं. डावीकडे चोख. उजवीकडे सगळं ओढून मानेवर चढलेलं. मी फक्त डावा खांदा मोजून माप दुप्पट केलं होतं. शेताच्या बाबतीत असं कधीच केलं नसतं. तिचा उजवा खांदा चार बोटं खाली गेला होता आणि मी इतके महिने शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. सगळं उसवलं. दुसऱ्या वेळी उजव्या खांद्यावर जास्तीच्या अर्ध्या ओळी घातल्या आणि उजवी बाही रुंद ठेवली, लुळा हात अलगद आत जावा म्हणून. आतल्या पल्ल्याचा बंद बाहेर यायला कुशीत एक भोक ठेवलं. दिवाळीच्या आधी दोन्ही बंद लावून तिच्यासमोर धरलं.

"अवो, हे तं झबलं होय!"

मी हसलो. ती हसली नाही.

"झबल्याचे बंद लेकरू बांधते का? दुसऱ्यानंच बांधून द्या लागते."

मला हे सुचलंच नव्हतं. मी बांधून देईन, असंच धरून मी चाललो होतो, आणि तिला नको होतं ते नेमकं तेवढंच. बटण लावतो म्हणालो. मग वेल्क्रोची चिकटपट्टी सुचवली.

"मंग शाळेचे बूटही घ्या मले," ती म्हणाली आणि ते माझ्याकडे परत ढकललं.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच ते मागितलं. मांडीवर घेतलं, एक बंद डाव्या हाताने वर ओढला. तो छातीपर्यंत आला.

"तोंडात आला पायजे. इथवर."

तिने दातावर बोट ठेवलं. माझ्या वहीत खांदा, छाती, उंची सगळं होतं. कमरेपासून दातापर्यंत हे माप नव्हतं. मी बंद लांब केले. तिने दार लावून घेतलं आणि त्यानंतर रोज दुपारी लावून घेऊ लागली. आत काय चाललंय हे विचारायची मला परवानगी नव्हती.

मंडईच्या दिवशी आंबागडला तिच्या भावाचं अंगण भरलेलं होतं. ऊन कललं, डोंगराची सावली अंगणात आली. तिने पिशवीतून कार्डिगन काढलं. आधी उजवा हात उचलून बाहीत घातला, बाही खांद्यापर्यंत ओढली, पाठीमागून फिरवून डावा हात घातला. अंगणातले लोक पाहू लागले. तिची वहिनी पुढे आली, "थांबा बाई, मी देतो बांधून."

मीही अर्धा उठलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बसलो.

तिने एक बंद दातात धरला, दुसरा त्याभोवती फिरवला, बोटाने आत घातला. निसटला. पुन्हा फिरवला. तोवर कोणाचा तरी चहा निवला. मग तिने मान मागे घेतली आणि गाठ बसली. वाकडी होती, ओली होती.

वहिनी ती सरळ करायला वाकली.

"राहू दे," बायको म्हणाली. "मीनं मारली हाये."

कार्डिगन कोणी विणलं, हे मात्र कोणीच विचारलं नाही.